जोडीचे शिवणयंत्र निवडताना

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस चिरनेरला एका परिचितांच्या घरी जाण्याचा योग आला. पनवेल-उरण परिसरातले हे गाव महागणपतीच्या देवळासाठी आणि २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहासाठी सर्वांना ठाऊक आहे. अक्कादेवीच्या डोंगरावर त्या दिवशी झालेल्या गोळीबारात बळी पडलेल्या सत्याग्रहींच्या स्मरणार्थ दरवर्षी गावात माणसे जमतात. मी गेले तेव्हा तो दिवस जवळ आला होता आणि गावात लगबग होती. मात्र ज्या घरी मी गेले, त्या घरातल्या आजी ओटीवर भिंतीला टेकून गप्प बसल्या होत्या.

या आजींना मी वीस वर्षे ओळखते. वय चौऱ्याहत्तर. आजवर कधीही गेले तरी आतल्या खोलीतून पायमशीनचा आवाज येत असे. घरातल्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, शेजारच्या बाळांची झबली-टोपडी, बाजाराच्या कापडी पिशव्या, असे काही ना काही त्यांच्या हाताखाली असायचे. या खेपेस यंत्राची जागा रिकामी होती. त्याचे शटल झिजले होते, म्हणून ते पनवेलला दुरुस्तीला दिले होते आणि सुटा भाग मिळेना म्हणून सहा आठवडे तिकडेच पडून होते.

“आई हल्ली दुपारी झोपतात, रात्री मग जाग्याच असतात. जेवणावरही मन नाही,” सून हलक्या आवाजात म्हणाली. मुलाने आईची अडचण ओळखून एक लहानसे, हलके यंत्र मागवून दिले होते. ते कोपऱ्यात खोक्यात परत गेलेले दिसले. मी आजींना त्याविषयी विचारले. त्या म्हणाल्या, “यंत्र चांगलंय गो. माझेच हात आता चालत नाहीत.”

ते यंत्र मी बाहेर काढले. गोधडीच्या चार पदरी तुकड्यावर टीप घालून पाहिली. दोन बोटांएवढी टीप पडली आणि यंत्र अडकले. सुनेने करून पाहिले, तिचेही तेच झाले. आजींच्या हातांना काहीही झालेले नव्हते. एक किलोच्या आसपास वजनाच्या, रुमालाला टीप घालण्यापुरत्या बनवलेल्या यंत्राकडून गोधडीची अपेक्षा केली गेली होती. पण दोष यंत्राचा आहे हे कोणीच न सांगितल्यामुळे आजींनी तो स्वतःच्या वयाच्या माथी मारला होता.

आजचा विषय हाच आहे. घरातल्या ज्येष्ठांसाठी जोडीचे, म्हणजे मुख्य यंत्र बंद पडल्यास उपयोगी येणारे आणि सहज हलवता येणारे शिवणयंत्र निवडायचे असेल, तर प्रथम ते वापरणाऱ्या व्यक्तीचे शरीर आणि तिचे काम पाहावे. किंमत आणि टाक्यांचे प्रकार त्यानंतर पाहावेत. चुकीच्या यंत्राने पैसे वाया जातात हे खरेच. पण त्याहून मोठे नुकसान असे की, हातात कसब असलेली व्यक्ती स्वतःला निकामी समजू लागते.

आधी काम, मग यंत्र

बाजारात ‘पोर्टेबल’ या एकाच नावाखाली फार वेगवेगळ्या वस्तू मिळतात. पहिला प्रकार हातात धरून स्टेपलरसारखा दाबायचा. यातील बहुतेक यंत्रे एकाच दोऱ्याने साखळी टाका घालतात. दोऱ्याचे टोक ओढले गेले की सगळी टीप उसवत जाते. दुसरा प्रकार बॅटरीवर किंवा छोट्या अडॅप्टरवर चालणाऱ्या चिमुकल्या यंत्रांचा. पातळ सुती कापडाच्या एक-दोन पदरांपलीकडे त्यांची ताकद पोचत नाही. ही दोन्ही खेळण्याजवळची साधने आहेत. घरात असली तरी त्यांना ‘जोडीचे यंत्र’ म्हणू नये.

तिसरा प्रकार घरगुती विजेच्या यंत्रांचा. उषा, सिंगर, ब्रदर अशा अनेक कंपन्यांची ही यंत्रे वरून प्लास्टिकची असली, तरी चांगल्या यंत्राचा आतील सांगाडा धातूचा असतो. वजन साधारण पाच ते सात किलो. सरळ टीप, झिगझॅग, काज एवढे ती करतात आणि योग्य सुई लावल्यास जाड कापडाचे काही पदरही पेलतात. चौथा प्रकार आपल्या ओळखीच्या काळ्या बिडाच्या यंत्राचा, पण हाताने फिरवायच्या चाकाचा. त्याला वीज लागत नाही आणि ताकद भरपूर असते. मात्र त्याचे नुसते डोकेच दहा-बारा किलोंचे भरते.

यांपैकी कोणते घ्यावे, याचे उत्तर दुकानात मिळत नाही. घरातली व्यक्ती गेल्या सहा महिन्यांत काय शिवत होती, हे आठवावे. गोधड्या आणि जाड पिशव्या असतील तर तिसरा किंवा चौथा प्रकार. फक्त परकराची शिवण, उशीचे अभ्रे, उसवलेले दुरुस्त करणे एवढेच असेल, तर तिसऱ्या प्रकारातले सर्वांत साधे यंत्र पुरते. शंभर प्रकारचे टाके घालणारे यंत्र ज्येष्ठांना क्वचितच लागते. उलट बटणांची गर्दी गोंधळ वाढवते.

दोन्ही यंत्रे एकाच कारणाने अडू नयेत

जोडीच्या यंत्राचे एक साधे सूत्र आहे: पहिले ज्या कारणाने अडते, त्याच कारणाने दुसरे अडू नये. घरात पायमशीन असेल तर ते वीज गेल्याने थांबत नाही. थांबते ते सुटा भाग झिजल्याने किंवा गुडघे दुखल्याने. अशा घरी विजेचे हलके यंत्र योग्य जोडीदार ठरते. याउलट घरात आधीच विजेचे यंत्र असेल आणि पावसाळ्यात वीज वारंवार जात असेल, तर जोडीला हातमशीन किंवा जुने पायमशीन राखून ठेवणे शहाणपणाचे. घरगुती विजेच्या यंत्राला साधारण सत्तर ते नव्वद वॅट लागतात, म्हणजे जवळपास छताच्या एका पंख्याएवढे. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर ते चालू शकेल का, हे आपल्या वायरमनला विचारून घ्यावे.

सुई आणि बॉबिन दोन्ही यंत्रांना सारखी लागली तर उत्तम. खरेदीला जाताना जुन्या यंत्राची सुई आणि बॉबिन पाकिटात घालून सोबत न्यावी. घरगुती यंत्राच्या सुईची वरची बाजू एका अंगाने चपटी असते. शिंप्यांच्या मोठ्या वेगवान यंत्राची गोल असते. दोन्ही सुया एकमेकींच्या जागी चालत नाहीत. बॉबिन दिसायला सारखी असली तरी उंचीत किंचित फरक असू शकतो आणि तेवढ्याने दोरा गुंततो. म्हणून ताडून पाहावे, अंदाजावर राहू नये.

दुकानात शरीराची परीक्षा

वाचकहो, सर्वांत महत्त्वाचा आग्रह हा: यंत्र वापरणाऱ्या व्यक्तीला दुकानात सोबत न्यावे. आश्चर्याची भेट म्हणून यंत्र आणू नये. सोबत घरचेच कापड न्यावे; गोधडीचा तुकडा, जुन्या लुगड्याचे चार पदर, जाड पिशवीची कड. दुकानदार दाखवतो त्या कडक पांढऱ्या कापडावर कोणतेही यंत्र सुरेख चालते.

पहिली परीक्षा वजनाची. सहा किलोंचे यंत्र म्हणजे पाच किलो तांदळाच्या पिशवीहून थोडे अधिक. आजीआजोबांना ते कमरेच्या उंचीवरून उचलता आणि तेथेच परत ठेवता आले पाहिजे. हाडे ठिसूळ झालेली असतील, हर्निया असेल, किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डॉक्टर परवानगी देईपर्यंत उचलण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. ‘हलवता येते’ याचा अर्थ ‘रोज हलवायचे’ असा नाही. शक्य असेल तर त्यालाही एक कायमची जागा द्यावी.

दुसरी परीक्षा पायांची. विजेच्या यंत्राचे पायडल दाबाच्या प्रमाणात वेग वाढवते. ज्यांना दीर्घकाळ मधुमेह आहे, त्यांच्या तळपायांची संवेदना कमी झालेली असू शकते. अशा वेळी किती दाबले गेले हे कळत नाही आणि यंत्र एकाएकी धावते. पायडलऐवजी सुरू-बंद करण्याचे बटण आणि वेगाची सरकपट्टी असलेली यंत्रे मिळतात. ती महाग असतात. पण गुडघे किंवा तळपाय साथ देत नसतील तर खर्च सार्थकी लागतो. पायडलच वापरायचे असेल, तर कमाल वेग कमी ठेवण्याची सोय आहे का ते पाहावे आणि पायडलखाली न घसरणारी रबरी चटई टाकावी.

तिसरी परीक्षा डोळ्यांची. सुईवर पडणारा दिवा पांढरा आणि पुरेसा आहे ना? सुईत दोरा ओवण्याचा खटका आहे का, आणि तो आजींना स्वतःला वापरता येतो का? वरून बसवायची बॉबिन आणि तिच्यावर पारदर्शक झाकण असेल, तर खालचा दोरा किती उरला हे वाकून न पाहता कळते. ज्या यंत्राला खटका नाही, तेथे सुईमागे पांढऱ्या कागदाचा तुकडा धरावा आणि दोऱ्याचे टोक तिरके कापावे. नेढे स्पष्ट दिसते.

चौथी परीक्षा बोटांची. अंगठ्याच्या सांध्यात संधिवात असेल तर लहान, घट्ट बटणे फिरवणे यातनादायक होते. कापड दाबणारा पाय वर-खाली करण्याचा दांडा, टाक्याची लांबी बदलण्याची चकती, उलटी टीप घालण्याची कळ या तिन्ही गोष्टी पाच-पाच वेळा करून पाहाव्यात. पहिल्या वेळी सोपे वाटते. पाचव्या वेळी खरे काय ते समजते.

शेवटी एक प्रश्न दुकानदाराला: बिघडल्यास दुरुस्त कोण करणार, आणि कारागीर घरी येईल की यंत्र घेऊन जावे लागेल? गावापासून जवळ ज्याची दुरुस्ती होते, ते साधे यंत्र दूरच्या शहरात पाठवाव्या लागणाऱ्या उत्तम यंत्रापेक्षा चांगले.

घरी आणल्यावर

पायमशीनचे डोके त्याच्या फळीत बसवलेले असते, त्यामुळे कापड सरकण्याची जागा फळीच्याच पातळीवर येते. हलवता येणारे यंत्र टेबलावर ठेवले की ती पातळी चार बोटे वर जाते. जेवणाच्या टेबलावर ते ठेवून साध्या खुर्चीत बसल्यास खांदे उचलले जातात आणि संध्याकाळी मान धरते. उपाय सोपा आहे. टेबल थोडे बुटके घ्यावे, किंवा खुर्चीवर घट्ट उशी घालून बसण्याची उंची वाढवावी. कोपर काटकोनात आणि खांदे सैल राहिले पाहिजेत. उंची वाढवल्याने पाय लोंबत असतील तर त्यांच्याखाली पाट ठेवावा आणि पायडल त्याच पाटावर घ्यावे. दर अर्ध्या तासाने उठून घरातल्या घरात चार पावले टाकावीत.

एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. पायमशीन चालवताना घोटे सतत हलतात आणि पोटरीच्या स्नायूंची हालचाल पायातील रक्त वर ढकलण्यास मदत करते. विजेच्या यंत्रावर ही हालचाल जवळजवळ बंद होते. म्हणून त्यावर काम करणाऱ्यांनी बसल्या जागी घोटे वर-खाली करण्याचा व्यायाम मधूनमधून करावा. पायांवर सूज येत असल्यास डॉक्टरांना दाखवावे.

सुरक्षिततेचे नियम थोडेच, पण पाळायलाच हवेत. सुई बदलताना आणि बॉबिन काढताना बटण बंद करून प्लग काढावा. वायर चालण्याच्या वाटेत येऊ देऊ नये. घरातल्या घरात पडण्यास एवढे कारण पुरते. टाचण्या आणि सुया जमिनीवर सांडतात, म्हणून काम संपल्यावर लोहचुंबक फिरवावे. मधुमेही व्यक्तीने त्या खोलीत चपला घालाव्यात आणि रात्री तळपाय पाहावेत, कारण टोचलेले कळत नाही. बोटात सुई गेली तर जखम वाहत्या पाण्याने धुऊन स्वच्छ कापडाने दाबून धरावी. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, सुईचा तुकडा आत राहिल्याची शंका असेल, किंवा धनुर्वाताची लस कधी घेतली हे आठवत नसेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये.

उरण-पनवेलची हवा दमट आणि खारी आहे. यंत्र कापडी खोळीत, जमिनीपासून उंच ठेवावे. तेल घालायचे ते मशीनचेच. खोबरेल तेल चिकट होऊन थंडीत गोठते आणि यंत्र जड चालू लागते. काही नव्या यंत्रांना तेल लागतच नाही. सोबतची पुस्तिका घरातल्या कोणी मोठ्याने वाचून दाखवावी.

दोष कोणाचा, हे आधी ठरवा

काळजी घेणाऱ्या मंडळींना एक विनंती. टीप वाकडी येऊ लागली, दोरा तुटू लागला, की घाईने निष्कर्ष काढू नका. त्याच यंत्रावर, त्याच कापडावर, त्याच उजेडात घरातल्या दुसऱ्या कोणी शिवून पाहावे. तिलाही जमले नाही तर दोष यंत्राचा. आणि हे आजीआजोबांना स्पष्ट शब्दांत सांगावे. दुसऱ्या व्यक्तीला जमले, तर तेही दुर्लक्षण्याजोगे नाही. सरळ रेषा वाकड्या दिसू लागणे हे डोळ्यांच्या पडद्याच्या विकाराचे लक्षण असू शकते. नेत्रतज्ज्ञाकडे लवकर जावे. हातांना नव्याने कंप सुटला असेल तर तपासणी करावी. एका बाजूचा हात एकाएकी कमजोर पडला, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. शिवणकाम अशा प्रकारे शरीराची वार्ता लवकर देते, हा त्याचा आणखी एक लाभ.

यंत्रांच्या हव्यासावर सातत्याने टीका करणाऱ्या महात्मा गांधींनी १९२४ साली एका संभाषणात सिंगरच्या शिवणयंत्राला मात्र अपवाद मानले होते. पत्नीला हाताने शिवताना होणारे कष्ट पाहून, तिच्यावरील प्रेमापोटी सिंगरने ते यंत्र घडवले, असा त्यामागचा त्यांचा भाव होता. यंत्र घरात आणण्यापूर्वी शिवणाऱ्या व्यक्तीचे कष्ट पाहावेत, एवढे तरी आपण त्यावरून घ्यायला हवे.

चिरनेरच्या त्या आजींची हकिकत पुरी करते. पुढच्या आठवड्यात मुलगा आईला पनवेलला घेऊन गेला. गोधडीचा तुकडा आजींच्या पिशवीत होता. त्यांनी तीन यंत्रे चालवून पाहिली. पहिल्याचे पायडल फार हळवे होते. दुसऱ्याची बटणे फिरेनात. तिसऱ्यावर चारही पदर शिवले गेले, तेव्हा त्यांनी दुकानदाराला सांगितले, “हेच द्या. याला सोळा नंबरच्या सुया पण द्या.” मुलाला वाटत होते की आई रंग पाहून निवडेल.

पायमशीन पुढे दिवाळीच्या आत दुरुस्त होऊन आले. आता सकाळी गुडघे मोकळे असतात तेव्हा आजी पायमशीनवर बसतात आणि गुडघे धरतात त्या दिवशी दुसऱ्या यंत्रावर. दुपारची झोप कमी झाली, रात्रीची लागते, असे सून सांगते. तो रिकामा दीड महिना घरात आता कोणी काढत नाही. पण मला तो विसरता येत नाही, कारण त्या काळात एका कसबी बाईने आपले हात संपले असे मनाशी ठरवून टाकले होते.

शेवटी एक सवय सुचवते. जोडीचे यंत्र न वापरता ठेवले तर नेमक्या गरजेच्या दिवशी चालत नाही. तेव्हा आपला हा पाक्षिक अंक हाती आला की त्या दिवशी खोळ काढावी, धूळ पुसावी आणि दहा मिनिटे टीप घालून पाहावी. उसवलेले काही ना काही घरात असतेच.